हवेचं घर

पहिलीच्या बाईंना रिकाम्या जागेचा धडा फार आवडायचा. इतर शिक्षकांना तो नकोसा वाटे. पुस्तकात त्याबद्दल एकच ओळ होती, की जिथे काही नाही ती रिकामी जागा. आता सहा वर्षांच्या पोराला ‘काही नाही’ दाखवायचं कसं? जे आहे ते दाखवताना नाकी नऊ येतात, तिथे जे नाहीच ते कोण दाखवणार? पण बाईंचं म्हणणं असं, की ‘आहे’ काय कुणीही समजावतं, ‘नाही’ समजावता आलं तर ती खरी शिकवणी.

आणि त्यांना ते यायचं, हे कबूल केलं पाहिजे. बाईंच्या जिभेवर साखर होती. फक्त त्या साखरेवर पोरांपेक्षा त्यांचाच जीव जास्त होता. एखादं वाक्य छान जमलं की त्या स्वतःच क्षणभर थांबत, आणि मग ते साऱ्या वर्गाकडून मोठ्यानं म्हणवून घेत.

त्या दिवशी त्यांनी काचेचा पेला वर धरला.

“ह्यात काय आहे?”

“काही नाही!” सगळा वर्ग ओरडला.

“नीट बघा.”

“माशी होती, पण ती उडाली,” तुऱ्या म्हणाला. ह्याचे डोक्यावरचे केस कायम कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे, म्हणून तो तुऱ्या.

“तुमचा हात दिसतोय पलीकडून,” आणखी कुणी म्हणालं.

बाईंनी कागदाचा बोळा करून पेल्याच्या तळाशी दाबून बसवला, पेला पालथा धरला आणि पाण्याच्या बादलीत सरळ खाली नेला. पोरं बादलीवर अशी वाकली, की एखादं आत पडतं की काय. पेला वर आला तेव्हा बोळा कोरडा होता. प्रत्येकानं तो बोटानं दाबून पाहिला, आणि दाबून दाबूनच तो शेवटी ओला झाला.

“पेला रिकामा नव्हताच मुळी!” बाई म्हणाल्या. “आत हवा बसली होती. तिनं पाण्याला दारातच अडवलं, म्हणाली, हे माझं घर आहे. कळलं? जगात रिकामं असं काही नसतं!”

“जगात रिकामं असं काही नसतं!” पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या बाकावर शेंग बसायची. उंच, सडपातळ, म्हणून घरीदारी तिला शेंगच म्हणत. तिचे वडील शाळेमागच्या गल्लीत पत्र्याचं काम करत, धान्यापिठाचे डबे बनवत. त्यांच्या झाकणांची ख्याती होती. डबा पाण्यात सोडा, आतलं पीठ भिजणार नाही, असं ते गिऱ्हाईकाला छाती ठोकून सांगत, आणि न विचारता सोडूनही दाखवत.

“बाई, आमच्या बाबांच्या डब्यात पण हवा असते?” शेंगेनं विचारलं.

“तुझ्या बाबांच्या डब्यात तर सगळ्यात छान! झाकण इतकं घट्ट, की बिचारी हवा पळून जाईन म्हणाली तरी तिला जाता येणार नाही.”

वर्ग हसला. शेंग हसली नाही. तिचा विचार चालला होता.

“मग ती संपत नाही?”

आता खरं सांगायचं तर ह्या प्रश्नाचं उत्तर बाईंना येत होतं. जळती मेणबत्ती, वर पालथा पेला, थोड्या वेळानं ज्योत गुदमरून विझते. पण तो प्रयोग तिसरीचा. मागे एकदा उत्साहाच्या भरात त्यांनी तो पहिलीत करून दाखवला होता, तेव्हा तिसरीच्या बाई वर्गात येऊन बोलून गेल्या होत्या, “माझ्या ताटातलं तुम्ही आधीच वाढून मोकळ्या होता. मग पोरं माझ्यासमोर जांभया देतात.” तेव्हापासून ह्या बाई स्वतःच्या ताटापुरतंच बघत. शाळेची रीतच तशी होती. धड्याचा अर्धा भाग आपला, उरलेला पुढच्या इयत्तेचा, आणि मधल्या काळात पोरानं त्या अर्ध्यावर काय उभं करावं, हा कुणाचाच विषय नाही.

“ते तुला तिसरीच्या बाई सांगतील,” त्या म्हणाल्या. “सगळं आजच खाल्लंस तर उद्या काय खाशील?”

तेवढ्यात घंटा झाली. बाई खुशीत होत्या. धडा रंगला होता.

नंतर शेंग शाळेत आली नाही. पोरं आजारी पडतात, बाईंनी मनावर घेतलं नाही. पण एका दुपारी शाळा सुटल्यावर फाटकाशी तिचे वडील उभे दिसले. एकटेच. हात मागे बांधलेले, जसं काही आपणच उशिरा आलेलं पोर आहोत.

“बाई, दोन मिनिटं होती का?”

“या ना. शेंगेला बरं नाही का?”

“बरी आहे. म्हणजे तशी बरी आहे.” त्यांनी फाटकाची कडी उगाच वरखाली केली. “दुकानामागे तिला मांजराचं पिल्लू सापडलं होतं. एवढंसं. तिच्या आईला मांजराच्या केसांनी धाप लागते, त्यात घरात रांगतं पोर, त्यामुळे घरी आणायची सोय नाही. तर हिनं काय करावं? संध्याकाळी माझ्या दुकानात, नव्या डब्यात ठेवलं त्याला. खाली फडकं घातलं, बशीत दूध ठेवलं. सगळं अगदी व्यवस्थित. आणि रात्री पळून जाऊ नये म्हणून झाकण लावलं.”

बाईंना कळून चुकलं. पुढचं ऐकायची गरज नव्हती, पण ते सांगत राहिले.

“सकाळी शाळेत यायच्या आधी बघायला गेली. मला हाक मारली, म्हणाली, बाबा, हे उठत नाही. रडली नाही हो. नुसतं एकच विचारत होती, आत हवा होती ना? बाईंनी सांगितलंय, डब्यात हवा असते. मी काय सांगणार? म्हटलं, होती गं, हवा होती. पिल्लूच आजारी होतं. आजारी असतात कधीकधी.”

“असं सांगितलंत?”

“मग काय सांगू? तू मारलंस म्हणू? सहा वर्षांची आहे ती.” आवाज चढला तसे ते एकदम थांबले आणि हळू बोलायला लागले. “उद्यापासून येईल ती. तुम्हाला विचारेल, मला ठाऊक आहे. माझं तिला पटलेलं नाही, पण तुमचा शब्द तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. तेवढं एक सांगा तिला, आजारी होतं म्हणून. हात जोडतो.”

त्यांनी खरंच हात जोडले. पत्र्यानं कापलेल्या जुन्या रेघा बोटांवर पांढऱ्या दिसत होत्या.

“आणि बाई, तुम्हाला बोल लावायला नाही आलो मी. झाकण मी केलंय.”

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. भांडायला आलेल्या पालकाला कसं शांत करायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हात जोडणाऱ्याचं काय करायचं, ते ठाऊक नव्हतं.

“तिला खरं काय ते नाही सांगणार,” त्या म्हणाल्या. “काळजी करू नका.”

घरी जाताना त्यांना आपलंच वाक्य आठवत राहिलं. बिचारी हवा पळून जाईन म्हणाली तरी. किती कौतुकानं बोललो आपण! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पोरीनं प्रश्नही नेमका विचारला होता, आणि तिला हसण्यावारी नेलं. बाईंना स्वतःची शरम वाटली, आणि शरमेइतकीच भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी शेंग आली. बाकावर बसली, पाटी काढली, पाढे म्हणताना ओठ हलवले. सगळं शहाण्यासारखं. मधेच बाईंच्या टेबलाशी आली.

“बाई, मांजर आजारी असलं तर दूध पितं का?”

“कधी पितं, कधी नाही पीत.”

“त्यानं सगळं प्यायलं होतं. बशी चाटलेली होती.”

बाईंनी तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधायला घेतली. तिच्याकडे न बघता बोलायला ते बरं पडलं.

“बाबा म्हणाले ना तुला, आजारी होतं म्हणून?”

“हो.”

“मग झालं तर.”

शेंग जागेवर गेली. ‘मग झालं तर’ हे उत्तर नव्हे, हे बाईंना कळत होतं आणि त्या पोरीलाही कळलं होतं. पण शब्द दिला होता. आणि त्यांनी मनाची समजूतही घातली, की बाकीच्या पोरांच्या घरी कुठे असले डबे आहेत! वर्षभरात सगळं विसरतील, पुढे तिसरीत जातील, कळेल तेव्हा कळेल.

मधल्या सुट्टीत बाई हजेरी लिहीत बसल्या होत्या. व्हरांड्याच्या टोकाला खेळांचं सामान ठेवायची लोखंडी पेटी होती, तिकडून गाणं ऐकू येत होतं. “जगात रिकामं असं काही नसतं!” तालावर, टाळ्या पिटत. बाईंना आधी हसूच आलं. मग टाळ्यांच्या मधे दुसराच आवाज ऐकू आला. पत्र्यावर आतून कुणी थापा मारत होतं.

त्या कशा पळाल्या ते त्यांचं त्यांना कळलं नाही. पेटीच्या झाकणावर तीन पोरं ओळीनं बसली होती. चेंडू, दोऱ्या, बॅटी सगळं बाहेर काढून भिंतीशी नीट रचून ठेवलेलं.

“उठा! आधी उठा!”

“बाई, आत तुऱ्या आहे,” एक जण अभिमानानं म्हणाला. “आम्ही हवेचं घर खेळतोय. आता त्याचा नंबर.”

“तो थापा मारतोय, ऐकू नाही येत?”

“तो मजेनं मारतोय. आम्ही शंभर मोजणार आहोत. मोजता मोजता चुकलं, म्हणून पुन्हा एकपासून.”

बाईंनी एकेकाला हाताला धरून खाली ओढलं आणि झाकण उघडलं. तुऱ्या लालबुंद झालेला, केस घामानं चप्प बसलेले, त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा तुरा खाली होता. तो धापा टाकत उठून बसला आणि हसला.

“बाई, आत खूप गरम होतं.”

बाईंनी त्याला उचलून घेतलं. केवढं जड पोर, पण त्या त्याला खाली ठेवेनात. पोरं बघत राहिली. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, नळाशी, शेंग उभी होती. ती खेळत नव्हती. पेटीकडेच बघत होती.

आता इकडे आड आणि तिकडे विहीर. वर्गाला खरं सांगायलाच हवं होतं, आज, आत्ता, तिसरीची वाट न बघता. आणि सांगितलं की शेंगेला कळणार. दुसऱ्या पोरांना फक्त पेटीत बसू नये एवढं कळेल. शेंगेला डबा दिसेल.

सुट्टी संपल्यावर बाईंनी तिला जवळ बोलावलं.

“शेंग, कचेरीतून खडू घेऊन ये हं. सावकाश ये, पळू नकोस.”

ती निघाली. हा मार्ग चांगला होता. तिच्या पाठीमागे बोलून घ्यायचं, ती येईपर्यंत मेणबत्ती पुन्हा खणात ठेवायची. बाईंनी वीज गेल्यावर लावायची मेणबत्ती खणातून काढली, पेला काढला, आणि दाराकडे पाहिलं. शेंग अजून दारातच होती, चपलेत पाय घालत होती. त्या अरुंद पाठीकडे बघताना बाईंच्या मनात आलं, की साऱ्या वर्गात घट्ट झाकणांच्या सहवासात वाढणारी हीच एक आहे. दुकानात ओळीनं मांडलेले डबे, नवे कोरे, रोज आणखी होणारे. आणि घरात एक रांगतं पोर. उद्या त्याच्यासाठी हिनं घर केलं तर? फडकं घालून, दूध ठेवून, अगदी व्यवस्थित? ज्या एका पोरीला हे कळायलाच हवं, तिलाच आपण खडू आणायला धाडतो आहोत.

“शेंग,” बाईंनी हाक मारली. “राहू दे खडू. ये, बस.”

ती आली, बसली.

ह्या वेळी बाई गोड बोलल्या नाहीत. मेणबत्ती लावली, वर पेला पालथा घातला. ज्योत आधी ताठ होती, मग लहान झाली, मग निळी, मग नाही. धुराची एक रेघ काचेला लागून वर गेली.

“कुणी फुंकली?” तुऱ्यानं विचारलं.

“कुणी नाही. पेल्यात हवा होती, पण हवेतला जो भाग ज्योतीच्या कामाचा, तो तिनं वापरून टाकला. नवी हवा यायला वाट नव्हती. म्हणून विझली. पेला बघा, पहिल्यासारखाच दिसतो. बाहेरून काही कळत नाही.” बाई थांबल्या. “आपण श्वास घेतो ना, तेव्हा आपणही तेच करतो. माणूस, कुत्रं, पाखरू, सगळे. बंद जागेतली हवा संपते. म्हणून पेटीत, कपाटात, डब्यात कधीही बसायचं नाही आणि कुणाला बसवायचं नाही. खेळातसुद्धा नाही. तिथे जीव जातो.”

झाकणावर बसलेल्यांपैकी एक जण रडायला लागला.

“त्या दिवशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या. “चूक माझी आहे. तुमची कुणाची नाही.”

हे त्या सगळ्या वर्गाला म्हणाल्या, पण बघत होत्या दुसऱ्या बाकाकडे. शेंग पेल्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, आणि तेच बघवत नव्हतं. मग ती उठली, टेबलाशी आली आणि पेला दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.

“आता लावा,” ती म्हणाली.

बाईंनी मेणबत्ती लावली. ती जळत राहिली.

“ते आजारी नव्हतं,” शेंग म्हणाली.

“नाही. आजारी नव्हतं.”

“झाकण मी लावलं.”

“तू लावलंस. मी सांगितलं होतं तेवढंच तुला ठाऊक होतं, म्हणून लावलंस.”

“मी तुम्हाला विचारलं होतं. संपते का म्हणून.”

“विचारलं होतंस,” बाई म्हणाल्या. “मी उत्तर द्यायला हवं होतं.”

शेंगेनं मान हलवली, हो अशी की नाही अशी ते कळलं नाही. ती बाकावर जाऊन बसली.

शाळा सुटल्यावर बाई तिला घेऊन फाटकाकडे निघाल्या. तिनं हात धरू दिला नाही. वडील आज न्यायला आले होते. लेकीचा चेहरा बघितला आणि त्यांना सगळं कळलं.

“बाई, तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता. मोडला.” पेटीचं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. “आणि तुमच्या घरात ते धाकटं आहे. माझ्याच्यानं गप्प राहवलं नाही. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.”

वडिलांच्या चेहऱ्यावर संताप दिसत होता, पण धाकट्याचं नाव निघाल्यावर तो कुठे ठेवावा हे त्यांना समजेना. ते लेकीसमोर पायरीवर बसले, म्हणजे दोघांची डोकी बरोबरीनं आली.

“बाबा, तुला माहीत होतं?”

“हो.”

“बाबा, ते आत ओरडलं असेल ना? झाकण घट्ट होतं, म्हणून कुणाला ऐकू नाही आलं.”

वडिलांनी बाईंकडे पाहिलं. मघाचा राग त्या बघण्यात नव्हता, होती ती नुसती विनवणी. बाईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं, छान, मऊ, पोरीला कवेत घेईल असं. नाही गं, त्याला हळूच झोप लागली असेल, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. कदाचित तसं झालंही असेल. पण बाईंना ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं गोड करून सांगायची त्यांना आता छाती होत नव्हती.

“ओरडलं असेल,” बाई म्हणाल्या. “मला नक्की माहीत नाही, बाळा. पण असेल.”

तेव्हा शेंग रडली. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं, सगळं अंग हलवत. वडिलांनी तिला छातीशी घेतलं आणि तेही रडले, तिच्या केसांत तोंड घालून. शेजारून पोरं, पालक वळून बघत जात होते. बाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना कुणी जा म्हटलं नाही, आणि थांबा असंही म्हटलं नाही.